आठव्या पाटावरचं पोतं

ये गं पोरी, अशी जवळ ये. कागदावरनं बोलावतेय म्हणून काय झालं, मावशीनं जवळ ये म्हटलं की यायचं. आणि आधी मला सांग, ही काय रीत झाली तुझी? दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. उन्हाळ्यात नक्की म्हणालीस, तर लेकाचा कसला तरी क्लास निघाला. परवा फोन केलास तर सगळा वेळ त्याचा नंबर कितवा आला आणि मार्क कुठं कापले हेच सांगत बसलीस. त्याला खेळायला काय आवडतं असं मी विचारलं, तर म्हणतेस, "मावशी, त्याला वेळच कुठंय!"

रागावत नाही गं. पण फोन ठेवला आणि मला आमचे सर आठवले. ते समोर असते ना, तर तुझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप दिलं असतं आणि म्हणाले असते, "दाणा तोंडात!"

आता हे सर कोण, ते सांगते. आमच्या घराशेजारी, मंद्रूपच्या रस्त्याला, एक बंद पडलेली यंत्रमागाची शेड होती, तुला आठवत असेल. लहानपणी तू तिथल्या भिंतीवर चढून गुडघा फोडून घेतला होतास. किती तरी वर्षं तिथं नुसती कबुतरं होती. मग एका उन्हाळ्यात अचानक धडाधड आवाज सुरू झाले. पोरांचा कालवा, मधेच भोंग्यासारखं काही तरी वाजायचं, मधेच पाणी पडल्यासारखं. भर दुपारी. दोन घास खाऊन पडावं म्हटलं की सुरू. चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी गेले भांडायला. वाटेत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, आधी काय बोलायचं, मग काय बोलायचं.

आत कुणी दिसेना. वरनं आवाज आला, "थांबा, उतरतो."

बघते तर घसरगुंडीच्या टोकाला एक सडसडीत म्हातारा बसलेला. पांढरा शर्ट, घोट्याच्या वर आलेली पँट, गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी. एका हातानं टोपी धरली आणि सूंऽ करून घसरत माझ्या पायाशी आला. उठून पँट झटकली. "बोला."

आता अशा माणसाशी कसं भांडायचं? तरी मी म्हटलं, "दुपारची झोप म्हणून काय असती का न्हाय तुमच्यात? का सगळं रान पेटवायचंच ठरवलंय?"

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले, आणि माझ्या हातात शेंगांनी भरलेलं सूप दिलं. "बसा. फोडता फोडता भांडा. मी ऐकतोय."

मी बसले. कडुलिंबाची सावली बरी होती. सूप संपलं, दुसरं आलं. भांडण कुठल्या टरफलात गेलं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझी घरची उशी घेऊनच गेले.

तर हेच आमचे सर, शाळेत गणित शिकवायचे. मूळचे दुधनीचे, घरात कानडी. शाळेतनं निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, ह्यांनी ही बाग काढली. बाग म्हणायचे ते, झाड तसं एकच. बाकी सगळे खेळ, आणि प्रत्येक खेळात कसलं ना कसलं मशीन. हापशानं पाणी वर चढवायचं, पाटातनं सोडायचं, दारं उघडायची आणि मिटायची, की भिंतीवरच्या पडद्यावर शेतं हिरवी होत जातात. एकाच शेतात सगळं पाणी गेलं तर बाकीची वाळतात. पोरांना मग आपोआप कळतं वाटणी कशी करायची. ही सगळी मशिनं लतानं केलेली. लता म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी, इंजिनियर. शेड तिच्या वडिलांची, माग चालत होते तेव्हाची. घरात त्यांच्या तेलुगू. त्यामुळं आमच्याकडं असं व्हायचं, की मशीन बंद पडलं की सर त्याला कानडीत रागवायचे, लता तेलुगूत समजवायची, आणि मी मराठीत काही बोललं की दोघं म्हणायचे, मावशी, तुम्ही गप्प बसा, ते घाबरतंय.

सरांचं मशिनाशी बोलणं बघण्यासारखं. सकाळी बाग उघडायच्या आधी प्रत्येकापुढं जाऊन उभं राहायचं. "याकप्पा, एनायतु?" का रे बाबा, काय झालं, असं. जसं वर्गात मागच्या बाकावर रुसलेल्या पोराला विचारावं. मग प्रत्येक खेळ स्वतः खेळून बघायचे. झोका, घसरगुंडी, दोरीचा पूल, सगळं. लता ओरडायची, "सर, गुडघे!" तर म्हणायचे, "आधी माझं हाड मोडू दे. मग पोरांना सोडू."

आणि ती शिट्टी! गळ्यात कायम, वाजवलेली कधी ऐकली नाही. एकदा मीच तोंडात धरून फुंकली, तर नुसती हवा. आतली गोळीच काढून टाकलेली. विचारलं तर म्हणाले, "शाळेत लई वाजवली. आता नुसती बरोबर असू दे."

शेंगांचा नियम मात्र कडक. पोरगं आत गेलं की आईबापांनी लिंबाखाली बसायचं आणि शेंगा फोडायच्या. कलेक्टर आला तरी सुटका नाही. सरांचं म्हणणं असं, की मोठ्या माणसाचे हात मोकळे राहिले की ते पोराच्या खेळात शिरतात, आणि तोंड मोकळं राहिलं की उत्तर सांगून टाकतं. म्हणून हातात शेंग आणि तोंडात दाणा. एकदा एक साहेब आले होते पोराला घेऊन. पोरगं पाण्याच्या खेळात रमलेलं. साहेबांना काही बसवेना. "अरे डावीकडचं दार उघड! डावीकडचं!"

लांबनं सर ओरडले, "दाणा तोंडात!"

साहेब दचकले, दाणा टाकला. दोन मिनिटं झाली की परत, "अरे आता वरचं..."

"दाणा तोंडात!"

संध्याकाळपर्यंत त्या साहेबांनी इतके दाणे खाल्ले, की जाताना बायको म्हणाली, आज ह्यांना जेवायला वाढायला नको. पण पोरानं शेतं सगळी हिरवी केली होती, एकट्यानं, कुणी न सांगता. बापाकडं बघून असं हसलं गं ते. साहेबांनी खिशात राहिलेले दाणे पोराच्या ओंजळीत ओतले.

फोडलेल्या दाण्याची मी तिथंच उखळात चटणी करायची. जाताना प्रत्येक पोराला कडक भाकरीचा तुकडा आणि वर चटणी. पोरं मला शेंगाआजी म्हणायला लागली, त्याला काय इलाज.

मला त्या माणसानं एकदा हवेत टांगलं होतं, ते तुला सांगितलं का? कप्प्यांचा खेळ होता. दोरी एकाच कप्पीतनं ओढली तर जड लागते, चार कप्प्यांतनं फिरवली तर हलकी. पोरांना हे पटेना. सर म्हणाले, "मावशी, पाळण्यात बसा."

"मी न्हाय बसत. माझ्या वजनाचा तमाशा करताय व्हय?"

"तुमच्यासारखं दुसरं कोण आहे का सांगा," म्हणाले. आता ह्याला कौतुक म्हणायचं का काय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बसले. चार चिमुरडी पोरं, नाकातनं शेंबूड गळणारी, त्यांनी दोरी ओढली आणि मी वर! पोरांनी जो काय ओरडा केला. पडद्यावर आकडे आले, किती ताकद लागली, किती वजन उचललं. मी वरनं ओरडले, "तो आकडा पुसा आधी!" लतानं घाईघाईनं काही तरी दाबलं, तर किलो जाऊन तिथं ज्वारीची पोती आली. एक पोतं आणि वर थोडी. तेवढ्यात एका पोरीनं सरांना काही तरी विचारलं, सर तिला समजवायला लागले, दोरी खुंटीला बांधलेली आणि मी वरच. मला विसरले गं! पण खरं सांगू? तिथनं पहिल्यांदा मला सगळी बाग दिसली. पलीकडची शेतं, रस्त्यावरनं जाणारी एसटी, आपल्या घरावरची फुटकी कौलं. कुठं तरी पोरं भांडत होती, कुठं हसत होती. मी म्हटलं, असू दे, राहू दे अजून जरा वेळ.

पण सरांचा जीव होता तो चादरीच्या फरशीत. शेडच्या मधोमध काचेची फरशी घातलेली, चौकोन चौकोन, खालनं उजेड. समोरच्या भिंतीवर सोलापुरी चादरीचं डिझाईन अर्धंच दिसायचं, डावी बाजू. उजवी बाजू पोरांनी पावलांनी विणायची. बरोबर चौकोनावर पाय पडला की बरोबर रंगाचा धागा बसायचा. चुकला तर चुकीचा रंग. डावीकडं मोर असला तर उजवीकडं त्याच्याकडं तोंड केलेला मोर यायला पाहिजे. कडेला आठ चौकोन रांगेत, तिथं उभं राहून खेळ सुरू करायचा. पंगतीत मांडल्यासारखे दिसायचे म्हणून मी त्यांना पाट म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले.

चुकलं तर मशीन काही म्हणायचं नाही. चुकीचा धागा दिसायचा, बस. पोरंच ओरडायची, "अय, मोराला तिसरा पाय आला की!" मग सगळी मिळून शोधायची कुणाचा पाय कुठं पडला ते. ह्यातच सरांचा आनंद. खांबाला टेकून बघत उभे राहायचे, हाताची घडी घालून, पोरांनी तिसरा पाय शोधला की मान डोलवायची.

आता ऐक, गोष्ट इथं आहे.

बाग चालायची ती शाळांच्या सहलींवर. सुट्टे लोक येऊन येऊन किती येणार? त्यात एका मोठ्या शाळेच्या बसा बंद व्हायची वेळ आली. त्यांच्या मोठ्या बाईंचा निरोप आला, की पालक विचारतात, तिथं जाऊन पोरं शिकली काय? कळायला काही पाहिजे. खेळ संपला की पडद्यावर मार्क दाखवा, पहिला, दुसरा, तिसरा नंबर दाखवा. नाही तर आम्ही दुसरीकडं जातो. येऊन बघतील आणि मग ठरवतील, असं.

लता सरांकडं आली. मी तिथंच होते, दाणे निवडत बसलेली.

"सर, एवढंच करू या. फक्त नंबर."

"नको."

"सर, ह्या बसा गेल्या की बाकीच्या पण जातील. मग काय करायचं? परत कबुतरं?"

"चुकायला मिळतं म्हणून पोरं इथं येतात. नंबर लावलास की चुकायची बंद होतील."

"पण सर, बागच बंद झाली तर चुकणार कुठं?"

सर उठले. जाऊन घसरगुंडीच्या टोकावर बसले. जेवायला खाली येईनात. मी भाकरी आणि चटणी शिडीनं वर नेऊन दिली. खाल्ली मुकाट्यानं. ऊन कललं तेव्हा घसरत खाली आले, टोपी न धरता. लताकडं जाऊन म्हणाले, "कर. मशीन तुझं, शेड तुझी, आणि तू म्हणतेस ते खोटं नाही." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "पण मला बघवणार न्हाय, मावशी." सर कधी न्हाय म्हणायचे नाहीत, मास्तर माणूस, आहे आणि नाही असंच बोलायचे. त्या दिवशी म्हणाले.

लतानं मशिनाला शिकवलं. पाटावर ज्याचं वजन पडेल त्याला मशीन खेळाडू धरणार, पहिला पाट, दुसरा पाट, असं. सुरुवातीला प्रत्येकाला पूर्ण मार्क. जेवढ्या चुका तेवढे कापायचे.

मोठ्या बाई आल्या, एक वर्ग घेऊन. इस्त्रीची साडी, सारखं मनगटावरचं घड्याळ बघणं. सरांनी नियमाप्रमाणं त्यांना सूप दिलं. बाई म्हणाल्या, "मला शेंगा?" सर म्हणाले, "हो, सगळ्यांनाच." नाखुषीनं घेतलं आणि आत शेडमध्येच, फरशीच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. मी बघत होते. पहिली शेंग फोडली, दुसरी फोडली, मग हात असा चालायला लागला, नुसता टपाटपा, खाली न बघता. मी विचारलं, "बाई, कुठल्या तुमी?" म्हणाल्या, "मंद्रूप." बघ म्हटलं, हात उगाच नाही असा चालत!

सर सकाळपासनं शेंगांचं पोतं घेऊन फिरत होते. त्यांची ती सवयच, पोतं खांद्यावर, वाटेल तिथं टेकवायचं आणि तिथंच विसरायचं. आम्ही दिवसातनं दहादा शोधायचो, पोतं कुठं गेलं म्हणून.

आधी एक तुकडी खेळली, मग दुसरी. शेवटच्या तुकडीत सातच पोरं उरली. खेळ सुरू झाला. पण पोरं नेहमीसारखी खेळेनात गं. पाय उचलायचा आणि हवेतच धरायचा. बाईंकडं बघायचं. जो पाय टाकेल त्याचे मार्क जातील, म्हणून कुणी पुढं होईना. एकच पोरगी, दोन वेण्यांची, ती मात्र धावत होती. स्वतःचा धागा घातला, दुसऱ्याचा चुकला तिथं पळाली, तिसऱ्याला ओढून जागेवर आणलं. मोराचा पिसारा झाला तो तिच्यामुळं. चुकली पण सगळ्यांत जास्त तीच.

खेळ संपला. वाजंत्री वाजली, पडद्यावर फुलं पडली आणि मोठी अक्षरं आली. प्रथम क्रमांक, खेळाडू आठ. एकही चूक नाही. आणि तळाला, शेवटचा नंबर, ती वेण्यांची पोरगी. तिची हनुवटी थरथरायला लागली. सर खांबाला टेकून होते, त्यांनी तोंड फिरवलं.

मोठ्या बाई उठल्या. "छान. आठ नंबर कोण? पुढं ये बाळ."

कुणी येईना. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सातच तर होती. एकानं बोट दाखवलं.

आठव्या पाटावर सरांचं शेंगांचं पोतं.

मग सर पुढं झाले. अगदी गंभीर चेहरा, बक्षीस समारंभाला असतो तसा. पोत्यापुढं उभे राहिले, गळ्यातली शिट्टी काढली आणि पोत्याच्या गळ्यात घातली.

"शाब्बास," म्हणाले. "एकही चूक नाही. जागचा हलला नाहीस. घरी आईला सांग, पहिला आलो."

एक पोरगं फिसकन हसलं. मग दुसरं. मग सगळी शेड. ती वेण्यांची पोरगी डोळे पुसत पुसत हसायला लागली. सर तसेच गंभीर. पोत्याला म्हणाले, "आता बाळ, ह्या पिसाऱ्याच्या पुढची ओळ विणून दाखव." थांबले. कान लावला. "नाही म्हणतंय. कोण दाखवतं?"

ती पोरगी पळालीच. आणि तिच्यामागं बाकीची सहा. पटापटा पाय पडायला लागले, चुकायला लागले, ओरडायला लागले, "अय तुझा हितं न्हाय, तितं, तितं!" मोराला तीन पाय झाले, चार झाले, परत दोन झाले.

मी मोठ्या बाईंकडं बघितलं. त्यांच्या तोंडात दाणा होता. कधी टाकला कुणास ठाऊक. बराच वेळ चावत राहिल्या. मग लताला म्हणाल्या, "नंबर काढून टाका. पण पालकांना मी काय दाखवू, ते तरी सांगा. रिकाम्या हातानं मला जाता येत नाही."

खरंच होतं बाईंचं. सरांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "चादर दाखवा." त्या दिवसापासनं प्रत्येक वर्गाला जाताना त्यांनी विणलेल्या चादरीचा फोटो सोबत देतात. चुकलेल्या धाग्यांसकट. खाली सगळ्यांची नावं, एका ओळीत. आणि पोरं घरी जाऊन आधी चुकाच दाखवतात म्हणे, हा बघ, हा तिसरा पाय माझा! बसा आल्या, अजून येतात.

संध्याकाळी लतानं विचारलं, "सर, खरं सांगा, पोतं मुद्दाम ठेवलं होतं ना?"

सरांनी दोन्ही हात वर केले. "गोत्तिल्ला." मला माहीत नाही. आणि टोपी धरून घसरगुंडीकडं गेले.

आता सर दुधनीला असतात, भावाच्या शेतावर. गुडघ्यांनी शेवटी ऐकलं नाही. तरी रोज सकाळी फोन येतो. लता तो मशिनापुढं धरते आणि सर तिकडनं कानडीत त्याला दटावतात. मग विचारतात, "पोतं बरं आहे का?" आहे की. राखीव खेळाडू म्हणून आठव्या पाटाशेजारी उभंच असतं, गळ्यात ती मुकी शिट्टी. पोरं खेळायच्या आधी त्याला विचारतात, येतोस का? ते येत नाही. मग ही पळतात.

नव्या शेंगा निघाल्या की सर स्वतः नवीन पोतं घेऊन येणार आहेत. तेव्हा तू ये पोरी, लेकाला घेऊन ये. त्याचं निकालपत्र आणू नकोस, मला नाही बघायचं. त्याला आत सोडू आणि तू लिंबाखाली माझ्या शेजारी बस. तो चुकायला लागला की तुझी जीभ कशी वळवळेल ते मला माहीत आहे. काळजी करू नकोस, दाणे लई असतात. लवकर ये. तुझं सूप मी वेगळं काढून ठेवलंय.